म्हादईच्या काठाने चार दिवस

चतुर्थीची धावपळ संपली, माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीची, फळे शेजारीपाजारी वाटून झाली आणि पावसानेही थोडी उघडीप दिली, तेव्हा गेली चार वर्षे मनात घोळणारा प्रवास एकदाचा करून टाकावा असे मी ठरवले. प्रवास म्हटला तरी अंतर हसू येण्याइतके कमी आहे. फोंड्याहून साखळी, तिथून वाळपई, गुळेली, सोनाळ आणि गांजेमार्गे पुन्हा फोंडा. एखादा उत्साही दुचाकीस्वार हे सगळे दिवसभरात फिरून संध्याकाळच्या चहाला घरी पोहोचेल. मी चार दिवस राखून ठेवले, कारण २३ जुलै २०२१ रोजी, गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, म्हादई, म्हणजे गोव्याची मांडवी, आणि तिच्या उपनद्या ज्या घरांत शिरल्या, त्या घरांतल्या माणसांशी बसून बोलायचे होते, आणि सत्तरी तालुक्यात कोणाच्या घरी बसले की तासाभरात उठता येत नाही.

त्या शुक्रवारी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे सांगितले होते आणि सुमारे हजार घरांना फटका बसल्याचा अंदाज दिला होता. परंतु आदल्याच दिवशी चिपळूण बुडाले होते आणि महाडजवळ तळियेवर दरड कोसळली होती, त्यामुळे गोव्याबाहेरच्या वृत्तपत्रांत सत्तरीला फारशी जागा मिळाली नाही. छायाचित्र छापून आले ते रेल्वेचे. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या पुरामुळे कोकण रेल्वेचा मार्ग बंद पडल्याने मंगळूरहून मुंबईकडे निघालेली गाडी मडगाव-लोंढा मार्गाने वळवण्यात आली होती आणि दूधसागर ते सोनावळी या टप्प्यात रुळांवर आलेल्या दरडीमुळे तिचे डबे घसरले होते. सुदैवाने प्रवासी बचावले आणि बातमी तिथेच संपली.

पहिला दिवस : फोंडा ते साखळी

उसगाव-होंडा रस्त्याने बस साखळीत पोहोचेपर्यंत दहा वाजले होते. माझी शाळासोबतीण बाजारापासून चार पावलांवर राहते. चहा होताच तिने मला वाळवंटीच्या काठावर नेले, कारण साखळीतल्या माणसाला पाहुण्याला विठ्ठलमंदिराआधी पंपघर दाखवावेसे वाटते. वाळवंटी ही म्हादईची उपनदी. केरीच्या बाजूने डोंगरातले पाणी घेऊन ती येते, वर अंजुणे धरण आहे, आणि साखळीचा बाजार तिच्या अगदी कुशीत, सखल जागी वसला आहे. जुन्या काळी होड्या इथवर यायच्या म्हणून बाजार इथे भरला, आणि बाजार इथे भरला म्हणून पाणी बाजारात येते, असा हा सरळ हिशेब आहे.

पूर नियंत्रणासाठी काठाला भिंत बांधलेली आहे आणि गावातून नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडावर दारे आहेत. नदी चढली की दारे बंद करायची, म्हणजे नदीचे पाणी नाल्यातून उलटे गावात शिरत नाही; मात्र त्याच वेळी गावात पडणाऱ्या पावसालाही बाहेर पडायला वाट उरत नाही, म्हणून ते पाणी पंपांनी उपसून भिंतीपलीकडे नदीत टाकावे लागते. थोडक्यात, मुसळधार पावसाच्या रात्री साखळीची झोप चार यंत्रांच्या आवाजावर अवलंबून असते. मैत्रीण म्हणाली, की तिला रात्री पावसाच्या आवाजाने जाग येत नाही, पंप थांबले तर मात्र येते.

बाजारातल्या एका वयस्क दुकानदाराने त्याच्या दुकानातल्या फळ्या दाखवल्या. सगळ्यांत खालच्या दोन फळ्यांवर फक्त प्लास्टिकच्या बादल्या, तांबे आणि कपडे धुण्याचे ब्रश होते. साखर, रवा, पोहे कमरेच्या वर. ही मांडणी त्याच्या वडिलांच्या काळापासूनची आहे. वडिलांना पूर परवडायचा, असे तो म्हणाला, कारण तेव्हाचे पाणी यायचे, दोन तास बसायचे आणि जायचे. खाणी जोरात चालू लागल्यावर पाण्याबरोबर लाल चिखल येऊ लागला, तो गेला नाही. नदीचे पात्र उथळ झाले आणि पूर्वी दोन दिवसांच्या पावसाने चढणारी नदी एका दिवसाच्या पावसाने चढू लागली. २०१२ साली सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, तेव्हा याच दुकानदाराचे गिऱ्हाईक निम्म्यावर आले. गाळ नको आणि खाणी हव्यात, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच वाक्यात सांगितल्या आणि त्यातली विसंगती मला जाणवण्याआधीच स्वतः हसला.

साखळी हा मुख्यमंत्र्यांचा मतदारसंघ. पुरानंतर सात महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेल्या निवडणुकीत ते इथून अवघ्या ६६६ मतांनी निवडून आले. त्या आकड्यात पुराचा वाटा किती, हे मी बाजारात चार जणांना विचारले. चौघांनीही जाती, गट, पालिका आणि नोकऱ्या यांची नावे घेतली. पाण्याचे नाव एकानेही घेतले नाही. पुढे १६ जानेवारी २०२३ रोजी म्हादई वाचवण्यासाठी मोठी सभा साखळीत भरायची होती, पालिकेने दिलेली परवानगी मागे घेतल्यामुळे ती शेजारच्या विर्डीत भरली. त्या सभेबद्दल मात्र सगळेच भरभरून बोलले. नदी कर्नाटक वळवून नेणार, या विषयावर साखळीत कोणीही अर्धा तास बोलू शकतो. नदी घरात आली होती, या विषयावर बोलायला लोकांना थोडे ओशाळल्यासारखे होते, जणू घरातले भांडण चारचौघांत सांगतो आहोत.

दुसरा दिवस : वाळपई, गुळेली, पैकुळ

सकाळी वाळपईला मामेभावाकडे पिशवी टाकली आणि त्याच्याच दुचाकीवर मागे बसून गुळेलीकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू, मधेच कुळागरातल्या पोफळी, आणि वळणावळणावर लहानमोठे व्हाळ, म्हणजे ओढे, जे आज इतके सालस दिसत होते की त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. पैकुळचा पूल त्या पुरात कोसळला होता. आता तिथे नवा पूल आहे, रुंद आणि उंच. पुलाच्या कठड्याला टेकून भाऊ म्हणाला, ‘पूल लवकर झाला. पुलाचं उद्घाटन होतं, घराच्या भिंतीचं होत नाही.’

ज्यांच्या घरी आम्ही गेलो त्या मावशींचे वय सत्तरीच्या पुढे असावे. घर अर्धे मातीचे, अर्धे चिऱ्याचे. मातीचा भाग जुना आणि चिऱ्याचा भाग पुरानंतरचा. जुन्या भागात कॅलेंडरच्या खिळ्याच्याही वर, माझ्या कपाळाच्या उंचीला, भिंतीवर एक तपकिरी रेघ होती. दोनदा चुना मारला तरी ती वर येते, असे त्या म्हणाल्या. पूर हा शब्द त्यांच्या तोंडी एकदाही आला नाही, हुंवार म्हणायच्या. हुंवार आला तो पहाटे, आणि नदीच्या बाजूने न येता मागच्या परड्यातून, व्हाळाच्या बाजूने आला, कारण नदी भरल्यावर व्हाळाला पुढे जायला जागा उरली नाही. त्यांनी म्हशीचे दावे सोडले, नातवाला पाठीवर घेतले आणि वरच्या वाड्यावर गेल्या. माटोळीची फणसाच्या लाकडाची चौकट, सासऱ्यांच्या वेळची, माळ्यावरून पाण्यात उतरली आणि गेली. त्या वर्षीची चतुर्थी बांबूच्या चौकटीवर झाली. यंदाही तीच होती. सुकलेली कवंडळे अजून तिला लटकत होती.

पण मावशींना सांगायची होती ती गोष्ट पंचनाम्याची. पाणी शुक्रवारी आले, शनिवारी ओसरले. तलाठी रविवारी आला, आणि त्याच्यापुढे घर उभे होते. भिंती भिजलेल्या, जमीन चिखलाची, स्वयंपाकघराचा एक कोपरा खचलेला. त्याने जे पाहिले ते लिहिले, ‘अंशतः नुकसान’. मातीच्या भिंतीचा स्वभाव मात्र असा, की ती पाण्यात असताना सहसा पडत नाही. पाणी उतरून ऊन पडले, बाहेरची बाजू सुकली आणि आतली ओलीच राहिली, की तिला भेग जाते. बुधवारी दुपारी मधली भिंत बसली आणि तिच्यावरचे वासे घेऊन छप्पर खाली आले. दुसरा पंचनामा व्हावा म्हणून त्या कचेरीत गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की एका घराचा एका पुराचा एकच पंचनामा असतो. हे सांगणारा माणूस उद्धट नव्हता, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली होती.

हे ऐकताना मला सारखे वाटत होते, की सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे सोपे आहे आणि ते खोटे आहे. मंत्री आले, तांदूळ आला, पत्रे आले, अंशतः नुकसानीचे पैसेही आले. लोकांकडून मदत इतकी आली, की देवळाच्या मंडपात कपड्यांचा ढीग छातीपर्यंत गेला. कोविडच्या संचारबंदीचे ते दिवस, तरीही मास्क लावून फोंडा-पणजीची मंडळी गाड्या भरभरून आली. (त्या ढिगात माझीही एक पिशवी होती. जरीची किनार फाटलेली साडी मी तीत घातली होती, हे मला चार वर्षांनी, मावशींच्या ओसरीवर बसल्यावर आठवले.) कपड्यांची गरज दुसऱ्या दिवशीच भागली होती. हवे होते ते खराटे, फावडी, ताडपत्री, विहीर उपसायचा पंप आणि ब्लीचिंग पावडर. विहिरीत हुंवाराचे पाणी गेल्यामुळे पंधरा दिवस पिण्याचे पाणी वरच्या वाड्यावरून डोक्यावर आणावे लागले. उरलेले कपडे पुढे गोठ्यात अंथरले गेले.

मावशींनी मग आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि तिच्यातला एकेक कागद खाटेवर मांडला. शिधापत्रिका, वीजबिल, पंचनाम्याची झेरॉक्स, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आणि पंचायतीची घरपट्टीची एक जुनी पावती. कागद भिजल्यावर सुनेने ते चुलीवर उपडा तवा ठेवून, त्यावर फडके घालून एकेक करून सुकवले होते. काही कागदांना तव्याचा गोल उमटला होता. घरपट्टीच्या पावतीवर चिखलाचा डाग बरोबर घर क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर बसला होता.

ही पावती का महत्त्वाची, ते समजायला सत्तरीतल्या जमिनीचे दुखणे थोडे सांगावे लागेल. इथली कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसतात ती कागदोपत्री त्यांची नाही. कुठे मोकासो म्हणजे जुनी इनामदारी आहे, कुठे पोर्तुगीज काळातला आल्वारा म्हणजे सरकारी जमिनीचा पट्टा, कुठे सरकारी जमीन, कुठे वन. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारावर, नाव नसले की काजूच्या बागेचे, पोफळीचे, भाताचे नुकसान भरून मागताना पहिल्याच पायरीवर अडखळायला होते. शेतकरी आधार निधीची योजना असते, पण तिच्या खिडकीपाशी उभे राहायलाच कागद लागतो. घराचेही तसेच. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सरकारी जमिनीवरची २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरे नियमित करण्याची तरतूद विधानसभेने केली, आणि जुनी घरपट्टीची पावती त्यासाठी उपयोगी पडेल असे मावशींना कोणीतरी सांगितले आहे. पावतीचा चांगला, मोठा प्रिंट हवा होता. मी माझ्या फोनवर तिचा फोटो काढला आणि सोमवारच्या बसने प्रिंट पाठवते असे कबूल केले. त्यांनी पावती पुन्हा दाखल्याच्या आणि वीजबिलाच्या मधे ठेवली.

परतताना भाऊ मला मेळावलीच्या फाट्यावर थांबवून बोलला. जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे पुराच्या सहा महिने आधी, याच गुळेली पंचायतीत आयआयटीच्या नियोजित जागेवरून मोठा संघर्ष झाला होता. सुमारे १० लाख चौरस मीटर जमीन सरकारी म्हणून देण्यात येणार होती आणि गावकऱ्यांच्या मते ती त्यांच्या काजूची होती. पोलीस आले, दगडफेक आणि लाठीमार झाला, आणि त्याच महिन्याच्या मध्यात सरकारने प्रकल्प तिथून हलवण्याचे जाहीर केले. पोलिसांपुढे रस्त्यावर आडव्या पडलेल्या बायांची छायाचित्रे तेव्हा घरोघर पोहोचली होती. जुलैत त्याच पंचायतीत पाणी आले, आणि सत्ताधारी पक्षाचे जे कार्यकर्ते जानेवारीत गावात पाऊल ठेवू शकत नव्हते ते तांदळाच्या पिशव्या घेऊन दारात आले. भाऊ म्हणाला, ‘दार लावून घेणार कसं? पाणी येऊन गेलेलं घर. दारच नव्हतं.’ फेब्रुवारीत मतदान झाले, तेव्हा सत्तरीतल्या दोन्ही जागा सत्ताधारी पक्षाने जिंकल्या आणि पर्येच्या जागेवर तर राज्यातले सर्वांत मोठे मताधिक्य मिळाले. याचा अर्थ लोक विकले गेले असा काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. पंचनामा कोण करून घेईल, पत्रे कोण मिळवून देईल, मुलाला नोकरीवर कोण लावेल, याचे उत्तर एकाच दारात मिळत असेल तर माणूस त्याच दारात उभा राहतो. जमीन वाचवायला मात्र तो सगळ्यांबरोबर रस्त्यावर आला होता, कारण ते काम त्या दारात होणारे नव्हते.

तिसरा दिवस : सोनाळ, सावर्डे

दिवसभर पाऊस. सोनाळ-सावर्डेच्या बाजूला गेलो, पण नदीजवळ फार वेळ उभे राहता आले नाही. या पट्ट्यात म्हादईच्या पात्रातच पुरण शेती करण्याची जुनी रीत आहे: पावसाळा संपून पाणी उतरले की दगडगोटे रचून, माती-पालापाचोळ्याने बुजवून प्रवाह वळवायचा, नदीने आणलेल्या गाळावर भात लावायचे आणि पुढच्या पावसाआधी कापून घ्यायचे. पहिल्या मोठ्या पाण्याला सगळे बांध वाहून जातात आणि तशी अपेक्षाच असते. भावाच्या ओळखीचे एक काका ओसरीवर विडी ओढत म्हणाले, की आम्ही नदीचीच जागा वापरतो, तिने मागितली की देतो, मात्र २०२१ ला तिने तिची नसलेली जागाही घेतली. आता ही शेती करणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. बांध घालायला लागणारी वीस-पंचवीस माणसे गावात नसतात.

संध्याकाळी वाळपईत विजेचा लपंडाव चालू असताना भावाच्या मुलाने नदीचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या म्हादई लवादाच्या निवाड्यातले आकडे मला घडाघडा म्हणून दाखवले. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने ते पाठ केले आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये स्थापना, १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा, खोऱ्यातले पाणी १८८.०६ टीएमसी, त्यातले कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर. पोराचा आवाज खणखणीत आहे. २०२१ च्या पुरात त्यांच्या घरी तीन कुटुंबे आठवडाभर राहिली होती, तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि ती भाषणात का नाहीत असे मी विचारले. तो थोडा गोंधळला आणि म्हणाला, ‘आत्ये, विषय म्हादई वाचवा असा आहे.’

चौथा दिवस : गांजे, ओपा, फोंडा

ऊन पडले. गांजेला म्हादई रुंद, मातकट आणि संथ वाहत होती. तिथून उसगाव, मग खांडेपार. दूधसागरकडून येणारी नदीच इथे खांडेपार होते. म्हणजे त्या शुक्रवारी ज्या डोंगरात रेल्वेचे डबे घसरले, त्याच डोंगरातले पाणी इथे उतरले आणि ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पात शिरले. फोंडा आणि, पणजी ज्यात येते तो, तिसवाडी या दोन तालुक्यांचे नळ त्यामुळे कोरडे पडले. माझ्यापुरता २०२१ चा पूर हा असा होता: चारही बाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही. आमच्या इमारतीत टँकरच्या पाळीवरून दोन कुटुंबांची जी भांडणे झाली, ती अजून मिटलेली नाहीत. यंदा गणपतीलाही ती एकमेकांकडे गेली नाहीत. पणजीतल्या लोकांनी तेव्हा सर्वाधिक आवाज केला आणि पाणी सर्वांत आधी परत आले तेही शहरांच्या नळांना. ते योग्यच होते, मोठी लोकसंख्या होती; पण मावशींची विहीर कोणी उपसली का, असे मी तेव्हा विचारले नव्हते, एवढे खरे.

ओपाच्या बाजूला बसमधून उतरून मी थोडी चालले. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईने, मी नदीकडे एवढे काय पाहते म्हणून, चौकशी केली होती. तिचे माहेर दक्षिण गोव्यातल्या काणकोणचे. २ ऑक्टोबर २००९ ला तिथे तळपण आणि गालजीबाग नद्यांना अचानक लोट आला होता, तेव्हा ती बाळंतपणासाठी माहेरी होती. त्या पुरात वाहून गेलेल्या घराच्या जागेवर तिच्या भावांमध्ये आता दावा चालू आहे, कारण हद्दीचा दगड आणि आंब्याचे झाड दोन्ही गेले. ती गावी जायचे टाळते.

दुपारी घरी पोहोचले आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मुलाने पावतीचा फोटो संगणकावर मोठा केला, रंग उजळले, कडा सरळ केल्या. मग डागावर बोट ठेवून म्हणाला, ‘काकी, हा काढून टाकू? एका मिनिटात स्वच्छ होईल.’ मी म्हटले, काढून बघ. त्याने काढला. डागाबरोबर खालचा आकडाही गेला आणि तिथे कोरा पांढरा कागद दिसू लागला. मी त्याला तो परत आणायला सांगितले. डागासकट दोन प्रती काढल्या, आणि सोमवारी सकाळी वाळपईच्या बसच्या कंडक्टरकडे पाकीट दिले.